पाटकऱ्याचा डबा

सोमवार

दादा,

काल रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. संध्याकाळी कोणीतरी आमच्या खिडकीवर दगड मारला. काच फुटली ती थेट पाळण्यात. ठकी तेव्हा माझ्या मांडीवर होती म्हणून वाचली. मी रात्रभर तिच्या दुपट्यातून काचा वेचत बसले. दुपटं झटकलं की वाटायचं झाल्या सगळ्या, आणि परत हाताला एक टोचायची.

दगड कोणी मारला ते मला माहीत नाही. पण तो आला कुठून ते माहीत आहे. तुझ्या तोंडातून आला.

तुझा तो व्हिडिओ इकडे सगळ्यांच्या फोनवर फिरतोय. तू टेबलावर उभा, मागे सगळी गर्दी, आणि म्हणतोस, "आपली नदी डोंगराला भोक पाडून पळवतायत, आणि त्यांच्या कंट्रोल रूममध्ये बसलाय कोण? माझ्याच बहिणीचा नवरा! बटणवाला!" आणि सगळे हसतात, शिट्ट्या मारतात. तू पण हसतोस. लग्नात यांच्या पायावर पाणी घातलंस तेव्हा नव्हता रे बटणवाला.

तुला टाळ्या मिळाल्या, मला दगड. आता इकडे सगळ्यांना कळलं मी कोणाची बहीण ते. वाणी मला सुटे नाहीत म्हणतो आणि माझ्या मागच्या बाईला सुटे देतो. सासूबाई भाजी चिरताना विळीशी बोलतात, पण मला ऐकू येईल असं. "नदी म्हणजे काय यांच्या परसातला नळ आहे का? पावसाळ्यात समुद्राला सोडतात ते चालतं, आम्हाला घोटभर दिलं की यांच्या पोटात दुखतं." मी काय बोलू? त्यांच्या खांद्याला पाण्याचे कॅन वाहून घट्टा पडलाय तो मी रोज तेल लावताना बघते. आणि उन्हाळ्यात आपली नदी घोट्यापर्यंत येते ते पण मी बघितलंय. मला विचारलं का कोणी? तू म्हणतोस मी तिकडची झाले. हे लोक म्हणतात मी तुमचीच आहे, घरातल्या बातम्या पोचवते.

फोन तू ब्लॉक केलास म्हणून लिहितेय. मी औषधांच्या गोडाऊनमध्ये लागलेय, क्रेट भरायला. या भांडणात रस्ता बंद असला तरी औषधांचे क्रेट जातात. आमची गाडी वरच्या चौकीपर्यंत नेते, तिथून तुमची गाडी उचलते. तुझ्या दुकानाशेजारच्या औषधवाल्याच्या क्रेटमध्ये हे टाकतेय. तो तुला देईल.

तो व्हिडिओ काढून टाक. बाबांचं नाव घेऊन भाषण करतोस, तर बाबांचं काहीतरी आठव. पाटकरी होते ते, पाटाला पाणी सोडणारे. जुन्या बांधाचं दार उघडायचं म्हणजे आधी भोंगा, मग पाटाच्या कडेने शेवटपर्यंत चालत जायचे, पत्र्याचा डबा काठीने वाजवत. "आत कोण आहे? बाहेर या!" डबा माझ्या हातात, काठी त्यांच्या. कोणी भांडी घासत असो, म्हशी धूत असो, समोरचा माणूस त्यांना शिव्या देणारा असो, सगळे बाहेर आले की मगच चाकाला हात. तू एकदा पैज लावून पाटात लपलास आणि डबा वाजल्यावर असा पळत आलास की चप्पल आत राहिली. मग खाल्लीस बाबांची. अजून कुठे डबा वाजला की तू जेवणावरून उठतोस, वहिनी सांगायची हसून.

बाबांनी कधी माणूस बघून डबा वाजवला नाही. एवढंच सांगायचं होतं.

तुझी बहीण (होते तेव्हाची)


बुधवार

दादा,

पत्र परत आलं. रिकाम्या क्रेटमध्ये, पाकीट बंदच. वर तुझं अक्षर. "बटणवाल्याच्या घरचं काही नको." औषधवाल्याने खाली लिहिलंय, "ताई, तो हात पण लावत नाही. मला यात ओढू नका."

ठीक आहे. मी पण तुझीच बहीण आहे. जुनं आणि नवं दोन्ही एकाच पाकिटात घालून परत पाठवतेय.

काल सगळ्यांनी तो फोटो बघितला. तुम्ही तुमच्याकडच्या गेटवरचा भोंगा कापून आणला, आणि तुझ्या दुकानात उघडलेल्या मोटारींच्या मध्ये ठेवलाय. त्याला हार घातलाय. खाली लिहिलंय, भोंगा नाही तर पाणी नाही. गोडाऊनमध्ये बायका मला दाखवून हसत होत्या. "तुझ्या भावाने लग्न केलं की काय भोंग्याशी?" मी पण हसले, न हसून सांगते कोणाला.

पण दादा, भोंगा नाही तर पाणी नाही, हा नियम बाबांचा होता. लोखंडी चाक होतं तेव्हाचा. आता गेट तुमच्या बाजूला असलं तरी उघडतं इथून, डोंगराच्या या बाजूच्या खोलीतून. भोंगा वाजला काय नि तुझ्या टेबलावर पडला काय, त्या खोलीतल्या मशीनला काही देणंघेणं नाही. यांना मी विचारलं, भोंग्याशिवाय कसं उघडतील? हे म्हणाले, "भोंगा त्यांनीच तोडलाय, आता त्यांनीच कानाने ऐकावं." यांच्या साहेबाने म्हणे तसंच लिहून दिलंय वरती.

आणि कॅमेऱ्यावर गोणपाट कोणी टाकलं? तुम्हीच. आता यांना इकडे बसून गेटपाशी काय चाललंय ते दिसत नाही. पडदा सगळा काळा. तुम्हाला वाटतं तुम्ही त्यांचे डोळे फोडले. ज्याच्या हातात गेट आहे त्याचे डोळे फोडून आपण त्याच गेटसमोर बसायचं, ही अक्कल कोणाची?

ते फोन पण तुझेच ना? गेल्या महिन्यात तुमच्याकडून फोन आला, बोगद्यात गुराखी अडकलाय. काम थांबलं. हे आणि बाकीचे बॅटऱ्या घेऊन आत फिरले, आत साधं कुत्रं नव्हतं. मग परत फोन, शाळेतली पोरं गेलीत आत. परत थांबलं. मग परत. यांना मेमो मिळाला. शेवटच्या वेळी हे घरी येऊन म्हणाले, "आवाज बदलला तरी 'लवकर' म्हणताना दम खातो. तुझा भाऊ आहे तो." मी म्हटलं, नसेल. मला माहीत होतं तूच.

आता त्या खोलीत नियम झालाय. तिकडच्या नंबरचा फोन उचलायचाच नाही. आणि तू इकडच्या नंबरचा उचलत नाहीस, कारण इकडून तुला शिव्या येतात. मस्त. दोघांनी मिळून सगळे कान बंद करून घेतलेत.

वाच एवढं.


गुरुवार

दादा,

परत आलं. यावेळी वर काही लिहिलं पण नाहीस.

आज आई भेटली. तुला माहीत नाही आणि तिने सांगू नको म्हणून सांगितलंय, पण तू वाचतच नाहीस तर सांगायला काय जातं. ती तुमच्याकडून चौकीपर्यंत आली, मी गोडाऊनच्या गाडीतून इकडून गेले. मध्ये तो लाल-पांढरा आडवा दांडा. ठकीला मी दांड्यावरून पलीकडे दिली. आईने विणलेलं टोपरं तिच्या डोक्यावर चढवलं, ते डोळ्यांपर्यंत आलं. हवालदार म्हणाला, "मावशी, बाळ दांड्याच्या वरच ठेवा, पलीकडे नेलंत तर परत आणायला कागद लागेल." आई म्हणाली, "मग पायाकडून धर की तू. अर्धी तुमची, अर्धी आमची." तो हसला. इतक्या दिवसांत पहिला माणूस हसला माझ्याशी धड.

आई म्हणाली, "पोरी, नाक तुझ्या दादावर गेलंय हिचं." म्हटलं, "नाक गेलं तर गेलं, अक्कल नको जायला."

मग तिने ठकीला परत देताना माझ्या कानात काहीतरी सांगितलं. तू कुठे बसणार आहेस ते. इथे लिहीत नाही, हे पत्र भलत्याच्या हातात पडलं तर तुला फरफटत नेतील. पण मला कळलंय. आई रडत नव्हती, उलट अभिमानाने सांगत होती. "बघच तू रविवारी, उद्घाटनाला मोठा माणूस बटण दाबायला हात वर करेल आणि तसाच राहील." मी म्हटलं, "आई, हे वेडेपण आहे." तर म्हणाली, "तुझ्या सासरचं पाणी अडतं म्हणून वेडेपण होय?"

आईसुद्धा. माझी आई.

घरी येऊन मी काही बोलले नाही. हे जेवायला बसले, म्हणाले, "काय म्हणत होती आई?" मी म्हटलं, टोपरं मोठं झालंय.

दादा, तिथे जाऊ नकोस. बाहेर बस, रस्त्यावर बस, मंडपात येऊन बोंब मार, मला सगळ्यांसमोर चोराची बायको म्हण. फक्त तिथे नको. अंधारी जागा आहे ती.


शुक्रवार, दुपारी

दादा, आता सगळं लिहिते. कोणाच्याही हातात पडू दे.

काल जेवण झाल्यावर हे आपणहून सांगायला लागले, हसत हसत. साहेबाने सगळ्यांना बोलावलं होतं. रविवारी सकाळी मोठा माणूस मंडपात जे बटण दाबणार आहे ते कशालाच जोडलेलं नाही. लाल डबा आहे नुसता, आत एक दिवा. कारण तुमच्याकडचं गेट उघडल्यावर पाण्याला डोंगराच्या आतून इकडे पोचायला अख्खी रात्र जाते. मग मोठ्या माणसाने काय बटण दाबून रात्रभर खुर्चीत बसायचं? म्हणून खरं गेट शनिवारी संध्याकाळी उघडणार. गुपचूप, तुम्हाला कळू नये म्हणून. रविवारी इकडे पाणी तोंडाशी येऊन थांबलेलं असेल, इकडचं झाकण वर करायचं, टाळ्या वाजवायच्या.

हे म्हणाले, "तुझा भाऊ मला बटणवाला म्हणतो ना? घे. जगासमोरचं बटण खोटं, खरं मी दाबणार, चहा पीत."

मी ताट खाली ठेवलं.

तुम्ही शनिवारी दुपारी कामगारांच्या छोट्या दाराने आत जाणार. रात्र आत काढणार. रविवारी सकाळी तुमच्यातले दोघं बाहेर येऊन जगाला सांगणार की आत माणसं बसलीत, दाबा आता बटण. आईने हेच सांगितलं ना मला. तुम्हाला वाटतंय पाणी रविवारी सुटणार. रविवारी नाही रे. शनिवारी. तुम्ही सतरंज्या अंथरत असाल तेव्हा.

मी यांना सांगितलं. हो, फोडलं तुझं गुपित. मला काय म्हणायचं ते म्हण.

यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "आत्ता कळलं. म्हणून आई आली होती."

"अहो, ती टोपरं द्यायला आली होती. चुकून बोलून गेली."

"चुकून! गुराखी पण चुकून, पोरं पण चुकून. आता मेहुणा चुकून. तुझ्या भावाला माहीत आहे, मी बाहेरच्या फोनवर विश्वास ठेवणार नाही. म्हणून घरातून पाठवलंय या वेळेला."

"ठकीची शपथ."

"पोरीला मध्ये आणू नकोस."

सासूबाई आतून म्हणाल्या, "मी सांगतच होते. भावाचा पाट इकडे घरातूनच काढलाय हिने."

सकाळी यांनी मान खाली घालून बूट घातले. दारात थांबून म्हणाले, "विचारतो साहेबांना." आता दुपारी गोडाऊनवर फोन आला यांचा. साहेब म्हणाला, तिकडचं कुठलंही ऐकून गेट थांबलं तर सोमवारपासून येऊ नका, तुमच्या जागी दुसरा बसेल आणि दाबेल. मग म्हणाले, "मला माणूस दिसला तर मी नाही दाबणार गं. पण दिसणार कसा? गोणपाट आहे वर." फोन ठेवला.

मी ठकीला कडेवर घेऊन चौकीवर गेले. कालचाच हवालदार. म्हणाला, "ताई, आत माणूस आहे, हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता माझा मुलगा पण घरी तोच खेळ खेळतो." मी रडायला लागले तर म्हणाला, लिहून घेतो. घेतलं असेल. उद्यापासून मोठ्या माणसाच्या गाड्या येणार म्हणून चौकीवर पण कोणाला सोडत नाहीत. फक्त औषधं.

हे पाकिटावर मोठं लिहितेय, आधी उघड मग शिव्या दे. क्रेट आत्ता निघतोय. दादा, उघड.


शनिवार, सकाळी

दादा नाही. दादाला नाही लिहीत आता.

जो कोणी हा क्रेट उघडेल त्याला.

कालचं पत्र परत आलं, बंदच. आज पाकीट नाही, घडी पण नाही. खोक्याच्या पुठ्ठ्यावर स्केचपेनने लिहितेय म्हणजे झाकण काढल्यावर पहिलं हेच दिसेल. आज तुमच्याकडे जाणाऱ्या सगळ्या क्रेटमध्ये हाच पुठ्ठा आहे. बाकीच्या बायकांनी मला पुठ्ठे कापून दिले. त्याच, ज्या भोंग्यावरून हसल्या होत्या. एकीने विचारलं, "तुझ्या भावाने आमचं पाणी अडवलं तर?" मी म्हटलं, "अडवू दे, मग मीच बोलेन त्याला." तिने कात्री घेतली.

तुम्ही औषधाच्या दुकानातले असाल, दवाखान्यातले असाल. तुम्ही आमच्या विरुद्ध असणार. असा. मी डोंगराच्या या बाजूची बाई आहे, माझा नवरा कंट्रोल रूममध्ये आहे, तुम्ही ज्याला बटणवाला म्हणता तो. तो आज डबा न घेताच कामावर गेला. मी मागून हाक मारली तर थांबला नाही. माझ्यावर विश्वास ठेवू नका. फक्त वाचा.

तुमची माणसं आज दुपारी बोगद्यात बसायला जाणार आहेत. कामगारांच्या छोट्या दाराने. त्यांना वाटतंय पाणी उद्या सकाळी सुटणार. उद्याचं बटण खोटं आहे. गेट आज संध्याकाळी उघडणार आहे. भोंगा वाजणार नाही, तो तुमच्याकडेच माझ्या भावाच्या दुकानात पडलाय. पाटाने कोणी चालत येणार नाही. कोणी बघणार नाही आत कोण आहे ते.

इकडचा कोणीही फोन केला तरी माझा भाऊ उचलत नाही. तुमच्याकडच्या नंबरचा उचलेल. बोगद्यात गेल्यावर रेंज नसते, म्हणून आत जायच्या आधी केला पाहिजे. दुपारच्या आत. औषधं नंतर लावा. तो मोटार दुरुस्तीवाला, टेबलावर उभा राहून बोलतो तो. त्याच्या दुकानाच्या शटरवर नंबर आहे, इथे खाली मी मोठ्या आकड्यांत पण लिहिलाय.

तो विचारेल, कोणी सांगितलं? माझं सांगू नका. माझं म्हटलं की ठेवेल. बटण खोटं आहे हे पण आधी सांगू नका, त्याला वाटेल इकडची चाल आहे. मी पण त्याच्या जागी असते तर तेच म्हटलं असतं.

त्याला फक्त म्हणा, पाटकऱ्याचा डबा वाजतोय.

एवढंच म्हणा. तो गप्प होईल. तो जेवणावरून उठतो, पैज सोडून उठतो, चप्पल मागे ठेवून पळतो. मग सांगा, आज संध्याकाळी. मग बाकीच्यांना तो बाहेर काढेल, त्याचा आवाज मोठा आहे.

तुमच्या नदीचं काय व्हायचं ते उद्या भांडा. मी पण येईन दांड्यापाशी भांडायला, मुलीला घेऊन. तिचं नाक त्याच्यासारखं आहे, त्याने अजून बघितलेलं नाही.

गाडीवाला हॉर्न देतोय. पुठ्ठा हातात धरून उभे राहू नका. माझ्या भावाला फोन करा.